पिठाच्या गोणीचा परकर

माझा नवरा वाल्डिन मेला असता तर मी रडले असते, पण त्या सकाळी मलाच त्याचा गळा दाबावासा वाटत होता.

शेवंडी पकडणाऱ्या बोटीवरून त्याला दोघांनी उचलून आमच्या प्वेर्तो लेम्पिरा गावाच्या धक्क्यावर ठेवलं, तेव्हा कमरेखाली त्याला काहीच कळत नव्हतं. खोल पाण्यातून घाईनं वर आलं की पाणबुड्याच्या रक्तात बुडबुडे होतात आणि पाय जातात. आमच्याकडे अशा माणसांना तोटा नाही. सासूचं म्हणणं, त्याला लिवानं धरलं. लिवा म्हणजे पाण्यातली बाई. तिच्या शेवंडी फार मारल्या की ती पुरुषाला धरते. म्हणून सासूनं खोबरेल तेलात पाला वाटून त्याला गळ्यापासून टाचेपर्यंत चोळला. पाय काही हलले नाहीत. मग मी शेजाऱ्याची हातगाडी आणली आणि सासूच्या शिव्या खात त्याला दवाखान्यात नेलं.

दवाखान्यात लोखंडी टाकी आहे. माणसाला आत झोपवून दार लावतात आणि प्राणवायू दाबून भरतात. टाकी ग्रेसेल सांभाळते. बाई आमच्याच मिस्कितो जमातीची, पण जिभेला हाड नाही.

"नवरा आणलायस की तळायचा मासा?" त्याच्या पाठीवरून बोट फिरवत ती म्हणाली. "तेलाचा माणूस आत जायचा नाही, प्राणवायूत तेल भडकतं. ही जर्सीसुद्धा नाही. नायलॉन अंगाला घासलं की ठिणगी उडते, आणि आत ठिणगी पडली तर मी दार उघडेपर्यंत ह्याचा कोळसा होईल. साबणानं धू आणि सुती घाल. आज आत गेला तर पाय येतील. उद्याचं मी सांगत नाही."

मी त्याला नळाखाली घेतला आणि काथ्यानं घासला.

"हळू! कातडी सोलतेस काय?"

"आईकडून चोळून घेताना बरा गप्प होतास."

दवाखान्यात पुरुषांसाठी एकच सुती झगा होता. तो बघितल्याबरोबर वाल्डिननं तोंड फिरवलं. "हा सेल्बीच्या अंगावर होता."

सेल्बी त्याच्याच बोटीवरचा. तो ह्या झग्यातच गेला होता. आमच्यात मेलेल्याचे कपडे त्याच्याबरोबर पुरतात. जिवंत माणसानं ते घातले तर मेलेला त्याला सोबतीला बोलावतो.

"धुतलाय, उकळलाय," ग्रेसेल म्हणाली.

"मेलेला साबणाला भीत नाही."

"मग तूही मर. बाहेर बाकावर माणसं बसलीत, टाकी त्यांना देते."

खरं सांगते, तोंडानं मी त्याला गाढव म्हणाले, पण तो झगा मीही हातात धरला नसता. मी बाजाराकडे पळाले. मागून ग्रेसेल ओरडली, "चिठ्ठीवर जाऊ नकोस! दोरा जाळून बघ. राख झाली तर कापूस, गोळा झाला तर नायलॉन!"

बाजारात बर्निसियाकडे परदेशातल्या जुन्या कपड्यांचे गठ्ठे येतात. मी एकेका सदऱ्याचा दोरा ओढून काडी लावत सुटले. सगळ्यांचे काळे गोळे झाले. 'शंभर टक्के सुती' अशी चिठ्ठी असलेला एक सदरा सापडला, तर त्याचाही गोळाच झाला.

"दुकान जाळायला आलीस काय गं?" बर्निसियानं काड्यापेटी हिसकावली. "नवरा लंगडा झाला म्हणून माझ्या मालावर राग काढतेस?"

"तुझ्या मालानं तो कोळसा झाला असता, मेले!"

तिनं मला हाकलून दिलं. रिकाम्या हातांनी परत येताना वाटलं, आता संपलं. डोळे भरून आले आणि मी ते परकराच्या काठाला पुसले. तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. हा आतला परकर मी पिठाच्या गोणीचा शिवला होता, आणि आमच्या बेकरीवाल्याच्या गोण्या अजून कापडीच येतात. दवाखान्याच्या मागे जाऊन मी तो काढला. दोरा जाळला. राख झाली.

ग्रेसेलनं उलटसुलट करून बघितला, काठाची नायलॉनची लेस कात्रीनं कापून टाकली आणि मान डोलावली.

वाल्डिन मात्र पांढरा पडला. "परकर? बाईचा?"

बाईचं कमरेखालचं कापड ज्याच्या अंगाला लागलं त्याला समुद्र घेत नाही, असं आमचे पुरुष मानतात. म्हणे शेवंडी लांबूनच पळतात. बोटीवर त्याच्या शेजारी कुणी झोपतही नाही.

"झुनिल्डा, हा घातला तर मी परत पाण्यात उतरू शकणार नाही."

"नको उतरूस."

"तू मुद्दाम करतेस हे."

"बाजारात जाताना नव्हते करत. आता करतेय. घाल."

त्यानं माझ्याकडे असं बघितलं की पाय असते तर त्यानं मला लाथ घातली असती. बाहेरच्या बाकावर काठ्या घेऊन बसलेले पाणबुडे दारातून बघत होते. "काय गं वाल्डिना, लग्न कधी?" एकानं विचारलं आणि सगळे खिदळले. वाल्डिननं परकर छातीपर्यंत ओढला, नाडी स्वतःच्या हातानं बांधली आणि डोळे मिटले. मला आतून उकळ्या फुटत होत्या. पाय येणार होते आणि समुद्र सुटणार होता. एका परकरात दोन कामं!

पाय आले. रोज तो परकर घालून टाकीत जायचा आणि रोज माझ्याशी भांडायचा. आधी अंगठा हलला, मग गुडघा, मग तो भिंत धरून उभा राहिला. ग्रेसेलनं बजावून सांगितलं, "पुन्हा खोल गेलास तर माझ्याकडे येऊ नकोस. तेव्हा टाकीचाही उपयोग व्हायचा नाही."

पावसाळा सरताना बोटींसाठी पाणबुडे गोळा करणारा मुकादम लोरेन्सो दारात आला. मी निर्धास्त होते. म्हटलं, "ह्यानं माझा परकर नेसलाय, सगळ्या गावाला ठाऊक आहे. कोण घेणार ह्याला बोटीवर?"

लोरेन्सो खो खो हसला. "अगं, लिवा पुरुषांना धरते. ह्याच्या अंगाला आता बाईचा वास. ती ह्याला धरतेय कशाला? पोरं तर म्हणतात, वाल्डिनला आमच्या होडीत द्या."

मी वाल्डिनकडे बघितलं. त्याला हे आधीच माहीत होतं. त्याची पिशवी भरून दाराआड ठेवलेली होती.

"ग्रेसेल काय म्हणाली विसरलास?"

"ग्रेसेल कधी पाण्यात उतरलीय का?" तो म्हणाला. "आणि दुसरं काय करू? तुझ्याबरोबर भाकऱ्या भाजू?"

"भाज! हात मोडलेत काय?"

तो निघाला. मी धक्क्यापर्यंत त्याच्यामागून शिव्या देत गेले. त्याला, लोरेन्सोला आणि सासूला. ती तिथे उभी राहून पोराच्या कपाळाला पुन्हा तेल लावत होती.

"चालत आलास तर दार उघडीन!" मी ओरडले. "उचलून आणलं तर आईकडे जा!"

बोटीवरचे सगळे हसले. वाल्डिन कुणाचाही हात न धरता शिडी चढून गेला. त्याच्या त्या पायांचा मला जो राग आला, तसा ते मेलेले होते तेव्हाही आला नव्हता.