देवाला सांगून झालं होतं

“चूक झाली की आधी गुडघे टेकायचे, मग बाकीचं,” सासूबाई सांगायच्या. बाकीचं म्हणजे काय, ते सांगायचं राहूनच गेलं आणि त्या देवाघरी गेल्या. थोरल्या सुनेने मग पहिला भाग तेवढा चोख पाळला.

घरची लॉन्ड्री होती. मागे धुलाईची खोली, पुढे इस्त्रीचं लांब टेबल, दाराशी काउंटर. दोघी जावा टेबलावर, दोघे भाऊ कपडे पोचवायला गाडीवर. थोरलीची सकाळ, दुपार, संध्याकाळची प्रार्थना ठरलेली. दुपारची ती जिथे असेल तिथेच करायची, उभ्याउभ्या, डोळे मिटून. त्या दिवशीही प्रार्थना चुकली नाही. इस्त्री उभी करून ठेवायची, तेवढं चुकलं.

इस्त्रीखाली चर्चमधलं वेदीवरचं कापड होतं, चर्चचं गायन बसवणाऱ्या बाईंच्या आईने स्वतः भरलेलं. जळका वास आला तेव्हा थोरली क्षमेच्या वाक्यापर्यंत पोचली होती, आणि मध्येच डोळे उघडायची तिची रीत नव्हती. आमेन म्हणून डोळे उघडले तर धाकटीच्या हातात इस्त्री, कापडावर इस्त्रीच्याच आकाराचा तपकिरी डाग आणि काउंटरशी खुद्द बाई.

“काय केलंस गं हे?” थोरली म्हणाली.

“मी उचलली,” धाकटी म्हणाली. पण बाई रडायला लागल्या होत्या, आणि रडणाऱ्या माणसासमोर खुलासे कोण ऐकतं?

इस्त्री कुणी ठेवली आणि कुणी उचलली, ते संध्याकाळपर्यंत थोरलीच्या ध्यानात आलं. तिने मनापासून पश्चात्ताप केला. चहा सोडला. गुडघ्यांखालची उशी काढली. परक्याची बायको घेऊन त्याला मारवणाऱ्या आणि मग पस्तावलेल्या राजाचं बायबलमधलं स्तोत्र रोज रात्री वाचलं, रडली, आणि काही आठवड्यांनी तिच्या मनाला शांती लाभली. देवाने क्षमा केली, याबद्दल तिला शंका उरली नाही. धाकटीला मात्र कुणी काही कळवलं नव्हतं.

तोवर बाईंनी गायनातल्या बायकांना सांगितलं होतं, बायकांनी बाकीच्यांना. गिऱ्हाइकं कपडे देताना हळूच म्हणायची, “धाकटीच्या हातात नको हं.” धाकटी मागे धुलाईच्या खोलीत गेली. मग एक दिवस तिने दवाखान्याच्या लॉन्ड्रीत काम धरलं. सोमवारपासून जायचं होतं.

शनिवारी मोठ्या चादरी आल्या. मोठ्या चादरीची घडी एकटीने होत नाही. टोकं धरून दोघींना जवळ यावं लागतं, मग लांब, मग पुन्हा जवळ. मनात अढी असलेल्या जावांना हे काम फारसं सोयीचं नाही.

“खरंच जाणार?” थोरलीने विचारलं.

“हो. तिकडे इस्त्रीला मशीन आहे. मशीनला कुणी नावं ठेवत नाही.”

“नीट ताण. कोपरा सुटतोय.”

“सुटतोय तो तुमच्याकडचा, जाऊबाई.”

तो तिच्याकडचाच होता. थोरलीने तो धरला. “त्या दिवशीचं मी देवाला सगळं सांगितलंय बरं का.”

“माहितीये. आपल्या खोल्यांमधली भिंत पातळ आहे.”

“ऐकलंस तू?”

“रोज. आधी वाटायचं, आज देवाचं झालं की माझ्याकडे याल. चहाही टाकायचे. मग कळलं, तुम्ही चहा सोडलाय.”

थोरलीने चादर झटकून ताणली. “त्या राजानेसुद्धा म्हटलंय, मी फक्त देवाचाच अपराधी.”

“राजाला म्हणायला ठीक आहे. त्याने ज्याचं वाटोळं केलं तो मरून गेला होता. मी इथे चादर धरून उभी आहे.”

थोरली चालत जवळ आली. टोकाला टोक लागलं, पण तिने आपली टोकं सोडली नाहीत. “माझं चुकलं. इस्त्री मी विसरले आणि बोल तुला लावला.”

“ते मी त्याच दिवशी सोडून दिलं होतं.”

“त्याच दिवशी? मग जातेस कशाला?”

“माफ केलं म्हणून धुलाईची खोली आवडायला लागते, असं कुठे आहे?”

इतके आठवडे थोरली ज्यासाठी गुडघे झिजवत होती, ते पातळ भिंतीपलीकडे कधीचं तयार होतं, चहासकट. कृपा न मागता मिळते, हे ती लहानपणापासून वाचत आली होती. ती जावेकडूनही मिळू शकते, इकडे तिचं लक्ष गेलं नव्हतं.

“बाईंना सांगते मी,” ती म्हणाली. “उद्या उपासना झाली की बाजूला घेऊन.”

धाकटीने घडी गठ्ठ्यावर ठेवली. “माझं नाव कुणी बाजूला घेऊन नव्हतं खराब केलं.”

मग थोरलीने घड्याळाकडे पाहिलं. “आत्ता त्यांचा गायनाचा सराव चालू असेल.”

“असेल.”

“सगळ्याजणी असतील.”

“असतील.”

“तिथेच सांगते, सगळ्यांसमोर. शब्द देते तुला.”

“मी येऊ सोबत?”

“नको. तू आलीस तर त्या तुझ्याकडेच बघतील.” थोरलीने एप्रन काढून खुंटीला अडकवला, चेहरा पुसला. “आणि मी हे करतेय म्हणून थांबू नकोस. सोमवारचं तुझं तू ठरव.”

धाकटीने पुढे होऊन दार धरून ठेवलं, कारण ते फार करकरायचं. थोरलीने चपला घातल्या आणि आवाज न करता पायरी उतरून चर्चच्या दिशेने चालायला लागली.