फळीआडचा भुरका

आमचा अबोला होता, पण बाहेर जेवायला जायचं आधीच ठरलं होतं, म्हणून गेलो. रामेनच्या त्या जपानी दुकानात प्रत्येक खुर्चीच्या दोन्ही बाजूंना लाकडी फळी आणि समोर भिंत. रुसलेल्या नवराबायकोसाठीच बांधलं असावं. मला बरंच वाटलं. तोंड बघायला नको.

वाफाळते वाडगे आले. रश्शात लांबलचक शेवया, वर अर्धं अंडं. जो तो खुशाल भुरके मारत होता. घरी नवऱ्याने चहाचा भुरका मारला की माझं डोकं उठतं. भांडणही त्यावरूनच झालेलं. इथे त्याला रान मोकळं मिळालं. एवढ्या गलक्यात त्याचा भुरका कुठला, हे मला फळीआडूनही नेमकं कळत होतं.

मग तो थांबला. बाकीचे ओढतच होते, त्याचाच आवाज येईना. मी दोन घास कसेबसे गिळले आणि फळीवर टकटक केलं.

"काय रे, ठसका लागला का?"

"नाही," पलीकडून तो म्हणाला. "म्हटलं, आवाज बंद केल्यावर तरी बोलतेस का बघू."