कल्पिताचे सतरा व्हिडिओ

सगुणाबाईंचा हात पोळीवर जितका हलका, माऊसवर तितकाच जड. कोपरला वीस वर्षं पोळी-भाजी केंद्र चालवलेली ही बाई चोपन्नाव्या वर्षी ठाण्याच्या एका क्लासात व्हिडिओ एडिटिंग शिकायला बसली, तेव्हा बाकीची मुलं गालातल्या गालात हसली. हसेनात का! बाईंना त्यांची शाबासकी नको होती, फिल्म हवी होती.

त्यांची मुलगी कल्पिता गेल्या साली सव्विसाव्या वर्षी गेली. शेवटचे चार महिने नातेवाइकांनी तिला पाहिलं ते दवाखान्याच्या खाटेवर, आणि तेवढंच त्यांच्या लक्षात राहिलं. जो तो भेटला की "किती हो सुकलेली!" म्हणे. ते बाईंच्या जिवाला लागायचं. वर्षश्राद्धाला सगळे जमतील, तेव्हा त्यांना हसरी, बडबडी कल्पिता दाखवायची, एवढंच त्यांनी मनाशी धरलं होतं. तिचा मोबाईल कधीच बंद पडला होता. दुकानदाराने त्यातले सतरा व्हिडिओ कसेबसे पेनड्राइव्हवर काढून दिले होते. दुसरीकडे कुठेही काही नव्हतं.

शिकवणारी शिवानी कल्पिताच्याच वयाची. "काकू, घाबरायचं नाय. नको तो भाग कापायचा, हवा तो ओळीत लावायचा. बस."

"म्हणजे भाजी निवडायची," बाई म्हणाल्या. आणि खरोखरच दीड महिन्यात त्यांनी निवडून, कापून पाच मिनिटांची फिल्म लावली. अर्धा सेकंद इकडे की तिकडे, यावर त्या तासतास घालवत.

नडली ती सवय. भाजी पातेल्यात पडली की ओटा लगेच लख्ख करायचा, हा केंद्राचा नियम. देठं-सालं ठेवून करायचंय काय? फिल्म झाली होती, घरी न्यायची तर पेनड्राइव्हवर जागा हवी. शिवानी जेवायला गेली होती. बाईंनी सॉफ्टवेअर बंद केलं, पेनड्राइव्हवरचे सतराही व्हिडिओ पुसले, फिल्मचं नाव दिसलं ती फाइल त्यावर घेतली आणि समाधानाने डबा उघडला.

शिवानीने येऊन फिल्म लावली तर पहिल्या सेकंदापासून शेवटच्या सेकंदापर्यंत स्क्रीन लाल. मध्ये एकच ओळ: फाइल सापडत नाही.

"काकू, ओरिजिनल कुठेयत?" तिचा आवाज बदलला. "अहो, ही नुसती कामाची यादी, ह्यात व्हिडिओ नसतात. कुठला तुकडा कुठून घ्यायचा, एवढंच लिहिलेलं असतं. त्यावरून अख्खी फिल्म वेगळी तयार करून घ्यायची असते, ती आपण केलीच नव्हती अजून."

पुसलेलं परत आणायच्या सगळ्या युक्त्या तिने केल्या. ओळखीच्या जाणकारालाही दाखवलं. तिसऱ्या दिवशी ती स्वतःच रडायला लागली. "पेनड्राइव्हवरच काम करत बसलो. मी पहिल्याच दिवशी कॉम्प्युटरवर कॉपी करून ठेवायला हवी होती, काकू."

बाईंच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. आपल्याच हाताने आपण लेक दुसऱ्यांदा घालवली, हे त्यांना कळून चुकलं होतं. त्यापुढे रडणंही थिटं होतं.

"लाव," त्या म्हणाल्या.

"काय लावू?"

"आहे ते."

लाल पडदा चालू झाला. खाली सेकंद पळू लागले, तशी बाईंनी त्यांच्यावर नजर लावली. "हितं गॅलरीत केस पुसतेय. आता म्हणते, आई, शूट नको ना करू. आता हसते. हितं कट. आता मामेबहिणीच्या हळदीत नाचतेय, बघ, पदर खोचला..." प्रत्येक कट त्यांना पाठ होता. शिवानी डोळे पुसायचं विसरून ऐकत राहिली.

शेवटच्या तुकड्यावर मात्र बाई अडल्या. "हितं ती माझ्याकडे वळते. आणि म्हणते की... म्हणते..."

सेकंद संपले.

"परत लाव."

शिवानीने परत लावलं. बाई पुन्हा तिथेच अडल्या. तिसऱ्यांदाही.

"हा तुकडा चाळीस वेळा तरी ऐकला असेल गं मी," त्या म्हणाल्या, आणि आता कुठे त्यांना रडू फुटलं. "पण सगळं लक्ष, कापायचं कुठे, ह्याच्यावरच होतं."