नमुन्याचा गाळ

नवरा मैलापाणी शुद्धीकरण केंद्राचा प्रमुख, बायको मातीच्या प्रयोगशाळेत. ओळखीतले थट्टेनं म्हणायचे, "तुमचा संसार गाळात रुतलाय!" तीही हसायची.

सोफ्यांना, पडद्यांना पटकन आग लागू नये म्हणून त्यांत रसायनं घालतात. ती सांडपाण्यातून केंद्रात येतात आणि गाळात साठतात. तो गाळ खत म्हणून वाटायचं घाटत होतं. रसायनं गाळालाच चिकटून राहतात, की मातीतल्या जिवांच्या अंगात उतरतात, एवढंच तपासायचं होतं. नवऱ्यानं पिंपभर गाळ आणून दिला. तिनं त्यात गांडुळं सोडली, महिन्यानं तपासली. त्यांच्या अंगात जवळजवळ काहीच नव्हतं. तिनं शेतकऱ्यांच्या भरसभेत छातीठोकपणे सांगितलं, "बिनधास्त वापरा." पहिली गाडी तिच्या नणंदेनंच आपल्या भाजीच्या वाफ्यांत रिकामी करून घेतली.

पुढच्या हंगामात तिनं सहज त्या वाफ्यांतली गांडुळं आणली. पोटातली माती बाहेर पडावी म्हणून ओल्या कागदावर ठेवली, मग तपासली. रसायनांचा आकडा आधीपेक्षा कितीतरी पटींनी मोठा होता. पुन्हा तपासलं. तेच.

घरी नवरा कांदा चिरत होता.

"मला दिलास तो गाळ कुठला होता?"

सुरी थांबली. "जुन्या टाकीतला. सोफ्यांच्या फोमच्या कारखान्याचं पाणी तिकडे येत नाही."

"आणि लोकांना वाटला तो?"

"कारखान्याकडचा. डोंगर साचला होता गं, ठेवायचा कुठे? तुझ्या शब्दावर लोक विश्वास ठेवतात."

"तुझी सख्खी बहीण तिथली भाजी खाते!"

"गांडुळात उतरलं म्हणून भाजीत उतरतंच असं थोडंच आहे?"

हे त्याला तिनंच कधीतरी समजावून सांगितलं होतं.

सकाळी ती नणंदेकडे गेली. काहीही हातचं न राखता सगळं सांगितलं. नणंद पाण्याचा पाइप हातात धरून ऐकत राहिली.

"दादानं तुला फसवलं, कळलं," ती म्हणाली. "पण वहिनी, मी दादाला विचारलंच नव्हतं. तुला विचारलं होतं."

पुढच्या सभेत तिनं झाला प्रकार स्वतःच्या तोंडानं सांगितला. गाड्या बंद झाल्या. नवऱ्यानं अबोला धरला, जणू दगा तिनंच दिला होता. वाफ्यांतली माती उपसायच्या दिवशी ती न बोलावताच गेली. नणंदेनं दुसरं फावडं तिच्या हातात दिलं, पण संध्याकाळपर्यंत एक शब्द बोलली नाही.