पुलाखाली थांबलेली बाई

"पेशंटच्या गोष्टीत शिरायचं नाही. ऐकायचं, टाईप करायचं, फाईल पाठवायची आणि विसरून जायचं."

कोथरूडच्या मेडिकल ट्रान्स्क्रिप्शनच्या क्लासमध्ये चैताली मॅडमनी पहिल्याच दिवशी हे सांगितलं, तेव्हा मी मागच्या बाकावर वहीच्या समासात फुलं काढत होते. मनात म्हटलं, मायक्रोबायॉलॉजीत बी.एस्सी. केलेल्या बाईला हे काय सांगायचं. विसरू नये असं असणार तरी काय त्यात? कुणाचा बीपी, कुणाचा गुडघा.

ही गेल्या वर्षीची, दोन हजार एकची गोष्ट. तेव्हा पुण्यात गल्लोगल्ली हे क्लास निघाले होते. काम सोपं होतं. अमेरिकेतला डॉक्टर पेशंट तपासायचा आणि काय काय दिसलं ते यंत्रात बोलून ठेवायचा. तो आवाज इंटरनेटवरून आमच्याकडे यायचा. आम्ही कानाला हेडफोन लावून, पायाखालच्या पेडलनं आवाज थांबवत, मागेपुढे नेत, तो टाईप करायचा. दुसऱ्या दिवशी डॉक्टर दवाखान्यात येईपर्यंत कागद तयार. क्लास संपल्यावर मला ज्या कंपनीत काम मिळालं, चैताली मॅडम त्याच कंपनीत तपासणी बघायच्या. आमची प्रत्येक फाईल त्यांच्या कानाखालून जायची.

माझी लेक चार महिन्यांची असताना ऋषी, म्हणजे माझा नवरा, ऑनसाइटला न्यू जर्सीला गेला. सहा महिन्यांसाठी म्हणून गेला, मग मुदत वाढत राहिली. मी वारज्याच्या नव्या फ्लॅटमध्ये. बिल्डिंगमध्ये सोळा फ्लॅट, त्यातल्या पाचांना पडदे. दुपारी जिन्यात उभं राहिलं तर आपल्याच चपलांचा आवाज घुमायचा. सकाळी लेक झोपली की मी हेडफोन लावायची. एक कान हेडफोनमध्ये, एक पाळण्याकडे. दिवसभरात माझ्याशी सर्वांत जास्त बोलणारी माणसं म्हणजे ओक्लाहोमातल्या एकाच दवाखान्यातले दोन डॉक्टर. तेही माझ्याशी बोलत नव्हतेच.

त्यातली एक मानसोपचार करणारी. बाईचा आवाज सावकाश, प्रत्येक वाक्यानंतर श्वास. दुसरे फॅमिली डॉक्टर, ते बोलताना कायम काहीतरी चघळत असायचे. चघळणाऱ्या माणसाचं बोलणं मला बरं कळतं असं ठरलं आणि दोघांच्याही फायली माझ्याकडे यायला लागल्या.

नोव्हेंबरात मानसोपचारवाल्या बाईंच्या फाईलमध्ये ती पहिल्यांदा आली. चव्वेचाळीस वर्षांची, एकटी राहणारी. तीन मे एकोणीसशे नव्याण्णवच्या संध्याकाळी ती आईला गाडीतून घेऊन चालली होती आणि मागून टोर्नेडो आला. आई म्हणत होती, थांबू नकोस, गाडी हाणत राहा. हिनं टीव्हीवर पाहिलं होतं की हायवेच्या पुलाखाली घुसलं की माणूस वाचतो. हिनं गाडी थांबवली. दोघी पुलाच्या उतारावर चढून, गर्डरला धरून बसल्या. पुलाखालच्या अरुंद जागेतून वारा उलट जास्तच जोरानं जातो, हे तिला नंतर कळलं. आईचं मनगट तिच्या हातात होतं. मग नव्हतं.

डॉक्टरबाईंनी हे सगळं एकाच सुरात सांगितलं आणि पुढे 'झोप : अपुरी, भूक : बेताची' असं चालू ठेवलं. मी पेडलवरून पाय काढला. लेक झोपेत ओठ हलवत होती.

त्यानंतर मी तिची वाट बघायला लागले. नाव फाईलवर असायचंच, पण मी मनात तिला पुलाखालची बाई म्हणायची. काम संपलं की डायल-अप चालू ठेवून वाचत बसायची. त्या टोर्नेडोतल्या वाऱ्याचा वेग ताशी पावणेपाचशे किलोमीटरच्या आसपास मोजला होता. १९२५ साली तीन राज्यांतून गेलेला एक होता. साडेतीन तास जमिनीवरून फिरत राहिला, जवळपास सातशे माणसं घेऊन गेला. आणि सगळ्यांत जीवघेणा अमेरिकेत नाहीच, बांगलादेशात. माणिकगंज, एप्रिल १९८९, तेराशेच्या आसपास माणसं. त्या लोकांना रात्री झोप येते का, याचं डिक्टेशन मात्र जगात कुणी कुणाकडे टाईप करायला पाठवत नव्हतं.

तळमजल्यावर बायडाबाई राहायच्या. बिल्डिंगची जमीन त्यांचीच, आधी तिथे त्यांची वांगी असायची. लाईट गेले की मी लेकीला घेऊन त्यांच्याकडे बसायची. गोपनीयतेच्या कागदावर सही केलेली असूनही, नाव तेवढं वगळून मी त्यांना सगळं सांगून टाकलं. वारज्यातल्या बायडाबाई अमेरिकेत कुणाला सांगणार?

"म्हंजी वावटळच की."

"हो, पण अख्खं घर उचलणारी."

"आन् ही एकलीच ऱ्हाती? बघाया कोन येतं का न्हाई?"

"डॉक्टर बघतात ना, आजी."

"डाक्टर व्हय," त्या म्हणाल्या. "डाक्टरकडं ती जाती. तिच्याकडं कोन जातं?"

मार्चच्या शेवटी, एकाच सकाळी, दोन फायली एकापाठोपाठ आल्या. पहिलीत मानसोपचारवाल्या बाई पुलाखालच्या बाईबद्दल सांगत होत्या, झोपेच्या गोळ्या नियमित घेते म्हणते, चांगला गुण आहे, त्याच पुढे चालू. दुसरी चघळणाऱ्या डॉक्टरांची. पेशंटला महिनोन्‌महिने झोप नाही, दुसऱ्या कुणी झोपेचं औषध दिलेलं नाही असं सांगते, म्हणून जानेवारीत सुरू केलेलं पुढे चालू. औषधाचं नाव तेच. पेशंटचा नंबर तोच.

मी दोन्ही पुन्हा ऐकल्या. एरवी त्या वेगवेगळ्या दिवशी यायच्या, म्हणून ध्यानात आलं नव्हतं. जुन्या फायली काढल्या. जानेवारीपासून ती दोघांकडूनही गोळ्या घेत होती, दोघांना वेगवेगळं सांगून. आणि झोपत तर नव्हतीच. मग गोळ्या जात कुठे होत्या? की साठवत होती, एकदम घ्यायला? तीन मेला, आई गेली त्या तारखेला, पाच आठवडे राहिले होते.

दोन डॉक्टर एकमेकांचे कागद बघत नव्हते. दोघांचं ऐकणारी पृथ्वीवर मी एकटी होते, आणि मला बोलायची परवानगी नव्हती. डॉक्टर बोलला त्यात एक शब्द घालायचा नाही, एक काढायचा नाही. फक्त एकच मोकळीक असते. एखादा शब्द ऐकू आला नाही तर तिथे रिकामी जागा सोडायची आणि खूण करायची. मग डॉक्टरला पेशंटची जुनी फाईल उघडून ती जागा स्वतः भरावी लागते.

मी दुसऱ्या फाईलमध्ये औषधाच्या नावाच्या जागी रेघ ओढली. मला ते लख्ख ऐकू आलं होतं. म्हटलं, नाव भरायला तरी ते फाईल उघडतील, आणि उघडली की दिसेल.

दुपारी चैताली मॅडमचा फोन आला.

"अहो, साधं औषधाचं नाव सोडलंत तुम्ही? चार महिने टाईप करताय. बाळ रडत होतं की आपण झोपला होतात?"

"मॅडम, तुम्ही ते…"

"भरलं मी. फाईल गेलीसुद्धा. एकही रिकामी जागा नाही, आज शंभर टक्के."

मी त्यांना सगळं सांगितलं.

"हे कुणाला सांगायचं?" त्या म्हणाल्या. "आपण डॉक्टर नाही. पेशंटच्या लेखी आपण अस्तित्वातच नाही. मी कंपनीच्या तिकडच्या ऑफिसला मेल टाकते. वचन देत नाही." मग त्यांचा आवाज बदलला. "अगं, माझ्या फायलींत एक होता. सहा वर्षांचा, न्यूमोनियाचा. एका सोमवारी त्याची फाईल आली नाही. शिरू नका म्हणून सांगते ते उगाच नाही सांगत."

तिसऱ्या दिवशी मेलला उत्तर आलं. नोंद घेतली आहे, धन्यवाद.

बायडाबाईंना सांगितलं तर त्यांना प्रश्नच कळेना. "तुजा नवरा बी तिथंच हाय न्हवं? एकाच देशात? मग जाऊन बग म्हनावं."

"आजी, तो न्यू जर्सीला. तिथून ओक्लाहोमा म्हणजे पुण्याहून गुवाहाटी."

"मग फोन कर म्हनावं. फोनला काय तिकिट लागतंय?"

ऋषी दर रविवारी सकाळी फोन करायचा. कॉलिंग कार्ड संपेपर्यंत बोलायचं. पहिली पाच मिनिटं लेकीचे दात. मग मी त्याला सगळं सांगून दवाखान्याला फोन करायला सांगितलं.

"अगं, तुझं काम टाईप करणं," तो म्हणाला. "वारज्यात बसून ओक्लाहोमा कशाला चालवतेस? इथे आमच्यातल्या निम्म्यांना नारळ मिळालाय. माझं नाव कशात यायला नको."

"तुझं नाव नको सांगूस. फक्त दवाखान्याला सांग, दोन्ही फायली शेजारी ठेवून बघा."

"आणि मला हे कसं माहीत? माझी बायको तुमच्या पेशंटचं सगळं पुण्यात बसून ऐकते, असं सांगू?"

"हो."

कार्ड संपल्याचा आवाज आला.

एप्रिलमध्ये एका दुपारी मी लेकीला लस टोचून परत येत होते. एकदम धूळ उठली, आभाळ तांबूस झालं, आणि स्कूटरवाले भराभर बायपासच्या पुलाखाली येऊन थांबायला लागले. मीही त्यांच्यात होते. वारा पुलाखालून सूं करत शिरला. मी लोकांना सांगायला लागले, इथे थांबू नका, बाहेर व्हा. एक काका हेल्मेट काढून म्हणाले, "बाहेर काय सत्कार आहे का आमचा?" सगळे हसले. मी लेकीचं तोंड पदरानं झाकलं आणि त्या धुळीत एकटीच चालत सुटले. घरी आल्यावर पाहिलं, तिच्या मनगटावर माझ्या बोटांचे वळ उठले होते.

पुढच्या रविवारी ऋषीनं दातांचं विचारलंच नाही.

"केला होता फोन," तो म्हणाला. "रिसेप्शनवाली विचारत होती, पेशंटचे तुम्ही कोण? म्हटलं, कोणी नाही. मग म्हणाली, पेशंटबद्दल आम्ही बोलू शकत नाही. मी म्हटलं, तुम्ही बोलू नका, फक्त ऐका. दोन फायली शेजारी ठेवा. तिनं माझ्या नावाचं स्पेलिंग विचारलं. मी फोन ठेवला गं."

"ऐकलं का पण तिनं?"

"माहीत नाही."

मी त्याच्यावर चिडले नाही. त्यानं फोन केला, एवढंच मी त्या दिवसांत जवळ धरून ठेवलं.

चोवीस एप्रिलला कंपनीनं कळवलं की त्या दवाखान्याचं काम आता दुसरीकडे गेलं. डेटा परत करायचा, प्रती पुसायच्या. मी पुसल्या. चार मेला सकाळी उठले तेव्हा तिकडे तीन तारखेची संध्याकाळ चालू होती, तीच वेळ. कॉम्प्युटर लावला. दुसऱ्या कुठल्या राज्यातल्या म्हाताऱ्याचा मोतीबिंदू आला होता. तो टाईप केला. लेक रांगत येऊन पेडलवर बसली आणि आवाज पुन्हा पुन्हा मागे जात राहिला. मी तिला उठवलं नाही.

आता सहा महिने झाले. ऋषी परत आलाय, लेक चालते. मी काम सोडलं. चैताली मॅडमना दोनदा फोन केला. त्या म्हणतात, आपल्याला कळणार नाही, कळायची सोय नसते. मी तिकडच्या पेपरांच्या निधनवार्ता वाचायला इंटरनेटवर बसले आणि पहिलं पान उघडायच्या आधीच उठले.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाचा ना कुणाचा मुलगा, सून, भाचा ओक्लाहोमा सिटीच्या दक्षिणेला, ती राहते तिथे, नक्की असेल. पुण्यात असं घर आता विरळाच की ज्यातलं कुणी तिकडे नाही. तिचं नाव मी इथे लिहिणार नाही. या अंकाच्या पत्त्यावर मला पत्र टाका, मी तुमच्या माणसाला एकट्याला सांगेन. त्यानं काही विचारायचं नाही, गोळ्यांचं तर नाहीच. शेजारी राहायला आलो म्हणून सांगावं, काहीतरी खायचं घेऊन जावं. तिच्या डाव्या मांडीत रॉड आहे, दारापर्यंत यायला तिला वेळ लागतो. एकदा बेल वाजवून परत फिरू नका म्हणावं. थांबायला सांगा त्याला.