शंभर ग्रॅमचा भार

वसई पूर्वेच्या एका टेस्टिंग लॅबमध्ये विनया बावीस वर्षं एकच काम करत आली होती. नमुन्यावर हिऱ्याचं टोक ठरलेल्या भाराने दाबायचं, उमटलेला ठसा सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचा आणि कठीणपणाचा आकडा लिहायचा. त्याच भाराला ठसा जितका लहान, तितकी वस्तू कठीण. इतकं सोपं काम, आणि त्यातच बाईने घोळ घालून ठेवला होता.

झालं असं, की दोन वर्षांपूर्वी आचोळ्याची संपदा पीएचडीसाठी सिरॅमिकच्या दोन चकत्या घेऊन आली. एक साधी, दुसरी जास्त कठीण व्हावी म्हणून कार्बन नॅनोट्यूब, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या, घातलेली, काळीभोर, दहा महिने खपून बनवलेली. “हिला तडा गेला तर मी मेलेच, ताई,” म्हणाली. विनयाचा जीव कळवळला. साधीवर तिने किलोचा भार टाकला, काळीवर नुसता शंभर ग्रॅमचा. हलक्या भाराला आकडा मुळातच चढा येतो, हे काय तिला ठाऊक नव्हतं? चांगलं ठाऊक होतं. पण रिपोर्टात दोन्ही भार लिहिले म्हणजे आपण सुटलो, असं तिने धरलं. आता रिपोर्ट पुरता वाचतो कोण? पोरीने आकडे तेवढे उचलले आणि काळी चकती साधीपेक्षा कठीण ठरली, यावर अख्खा प्रबंध रचला.

परीक्षकाने मात्र बरोब्बर बोट ठेवलं. दोन्ही चकत्या एकाच भाराने मोजा, म्हणाला. सोमवारपर्यंत उत्तर हवं होतं, आणि संपदाची कॉलेजातली नोकरीही त्या डिग्रीवरच अडून होती.

आज साधी चकती किलोच्या भाराला सोळा गिगापास्कल कठीण आली. काळी पंधरा. विनयाने जागा बदलली, साडेचौदा. पुन्हा बदलली. दहा ठसे घेतले, एकही सोळाला शिवेना. मनात आलं, शंभर ग्रॅम लावावा आणि कागदावर किलो लिहावा. भाराचा नॉब हाताशीच होता. तिने हात मांडीवर आणून ठेवला.

“किती आलं, ताई?” संपदा दारातूनच म्हणाली.

“पंधराच्या आसपास.”

“मग तेव्हा अठरा कसं आलं होतं?”

विनयाने सगळं सांगितलं. पोरीने आरडाओरडा केला असता तर बरं वाटलं असतं. ती नुसती स्टुलावर बसली.

“मी लिहून देते ना, चूक माझी म्हणून. सही-शिक्क्यानिशी देते,” विनया म्हणाली.

“द्या,” संपदा म्हणाली. “पण आकडा तर हाच राहणार ना, ताई?”