आईचे पाच दिवस

एक टीबी

आईचा दहावा करून अंगद गोदावरीच्या घाटावरून घरी आला आणि त्याने गोठ्याच्या कॅमेऱ्याचा रेकॉर्डर बंद केला.

रेकॉर्डरच्या एक टीबीच्या डिस्कमध्ये पंधरा दिवस साठतात. सोळावा उजाडला की सगळ्यात जुना पुसला जातो. आईला, बनुबाईला, जाऊन दहा दिवस झाले. म्हणजे तिचे पाच उरले. उद्या चार.

"आन् गाय?" बायको, पंकजा, दारातूनच म्हणाली. "आज-उद्या व्यायची हाय. मागल्या खेपेला कॅमेऱ्यात दिसलं म्हनून वासरू वाचलं."

"मी बसतो गोठ्यात."

"दहा दिस डोळ्याला डोळा न्हाई तुमच्या. म्हनं बसतो!"

चार टीबी

श्रीरामपूरहून पार्थ आला. कॅमेरा त्यानेच बसवलेला.

"मोठी डिस्क टाकू, दादा. चार टीबी. दोन महिने ऱ्हातंय."

"दोन महिन्यानं?"

"पुसतंय की मग."

"आठची टाक."

"किती बी मोठी घ्या, भरतीच." पार्थने खुर्ची ओढली. "ठेवायचं काय ते सांगा. तेवढं पेनड्राइव्हवर काढून देतो."

"समदं."

"समद्यात गायीचं शेपूटच लई हाय, दादा. आधी बघा तर."

पाच दिवस

बघितले. पळवत पळवत.

कॅमेरा गायीवर धरलेला, आईवर नाही. पहाटे पाच-दहाला कोपर येतं. पाच-चाळीसला जातं. मध्ये पदराचा काठ. बादली. पुन्हा कोपर. चेहरा नाही. आवाजाचा कॅमेरा घेतलाच नव्हता.

अंगद एकदा पडद्याच्या कडेला वाकून बघायला लागला, जणू तिथून पलीकडचं दिसेल.

एक दिवस

मंगळवार. दुपारी दोन-पाच.

गाय सरकली. मागची भिंत दिसली. भिंतीला टेकून आई.

पाय लांब केलेले. चपला बाजूला. हातात विळा नाही, निवडायला काही नाही, काहीच नाही.

"आत्या बसल्यात!" पंकजा म्हणाली. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. सासूला असं तिने कधी पाहिलं नव्हतं. "मला सांगायच्या, मळ्यात चक्कर टाकून येते."

"मला बी."

तिघंही बघत राहिले. पडद्यावर काही घडत नव्हतं. गाय रवंथ करत होती. आई एकदा मान वळवून गायीशी काहीतरी बोलली आणि स्वतःशीच हसली.

दोन-चोवीसला उठली, पदर झटकला, गेली.

एकोणीस मिनिटं

"एवढंच काढ," अंगद म्हणाला.

"बाकीचं जाईल, दादा. परत न्हाई मिळायचं."

अंगदने पुन्हा एकदा पहाटेचं कोपर लावून बघितलं.

"जाऊ दे."

पार्थने काढून दिलं. "एक जीबी बी न्हाई. मोबाईलमधी मावतंय."

अंगदने रेकॉर्डर चालू केला. पडद्यावर गोठा आला. गाय उठत होती, बसत होती. पंकजा पाणी तापवायला निघाली आणि दारातून मागे वळली.

"पार्थभाऊ, मला बी धाडा ते. पन गावात कुनाला दावू नका. आत्यांना न्हाई आवडायचं."